उसना उजेड

चिनी भाषेत चार-चार अक्षरांची पुष्कळ वचने आहेत. त्या भाषेतील एकेक अक्षर म्हणजे बहुधा एकेक शब्दच असल्यामुळे अवघ्या चार अक्षरांत एक संपूर्ण कथा साठवता येते. अशाच एका वचनातील चार अक्षरांचे अर्थ क्रमाने असे आहेत : पोखरणे, भिंत, चोरणे, उजेड. भिंत पोखरून उजेड चोरणे, हा त्याचा सरळ अर्थ. हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा घरफोड्या उभा राहावा, असेच ते आहेत. परंतु चीनमध्ये हे वचन चोराला लावीत नाहीत. गरिबीला न जुमानता जो विद्या मिळवतो, त्या विद्यार्थ्याचा गौरव करण्यासाठी ते योजतात.

ज्याच्यावरून हे वचन निघाले, त्या मुलाचे नाव कुआंग हेंग. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान घराण्याच्या राजवटीत, आजच्या शानतुंग प्रांतात तो होऊन गेला. घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती. विद्येची परंपरा नाही. दिवसा पोटासाठी राबावे आणि रात्री वाचावयास बसावे, तर दिव्याला तेल नाही, अशी त्याची स्थिती होती. शेजारच्या घरात मात्र दिवा जळत असे. पण त्याचा उजेड मधल्या भिंतीपाशी अडून राही. कुआंग हेंगने त्या भिंतीला एक छिद्र पाडले आणि त्यातून येणाऱ्या उजेडाच्या तिरिपीत पुस्तक धरून तो वाचू लागला.

कथा येथेच संपत नाही. त्याच गावात एक धनिक राहत असे. त्याच्यापाशी ग्रंथ विपुल होते. त्या काळी कागदाचा वापर रूढ झालेला नव्हता. बांबूच्या किंवा लाकडाच्या अरुंद पट्ट्यांवर हाताने मजकूर लिहावयाचा आणि त्या पट्ट्या दोरीने एकत्र गुंफावयाच्या, म्हणजे ग्रंथ तयार होई. असे ग्रंथ गरिबाच्या घरी कोठून असणार? कुआंग हेंग त्या धनिकाकडे कामाला राहिला, परंतु मजुरी घेईना. मालकाला नवल वाटले. त्याने कारण विचारले, तेव्हा मजुरीऐवजी घरातील सर्व ग्रंथ वाचावयास मिळावेत, एवढीच इच्छा त्या मुलाने बोलून दाखविली. मालकाचे मन द्रवले आणि ग्रंथांचे भांडार त्या मुलाला खुले झाले.

छिद्राची ही हकीकत कुआंग हेंगच्या मागून कित्येक शतकांनी सिद्ध झालेल्या एका आख्यायिकासंग्रहातून आली आहे. इ. स.च्या पहिल्या शतकात बान गू या इतिहासकाराने हान घराण्याचा जो इतिहास रचला, त्यात कुआंग हेंगचे चरित्र आहे. पण छिद्राचा उल्लेख नाही. तो शेतकरी कुळातला होता, त्याला विद्येची आवड होती आणि गरिबीमुळे तो मोलमजुरी करून आपला खर्च भागवी, एवढेच तेथे सांगितले आहे. दुसऱ्या एका जुन्या ग्रंथातील नोंद तर याहूनही बोलकी आहे. त्या नोंदीप्रमाणे कुआंग हेंगची बुद्धी काही विशेष तीव्र नव्हती. राजदरबारच्या परीक्षेत तो एकदा नव्हे, आठ वेळा अपयशी ठरला. नवव्या वेळी तो उत्तीर्ण झाला, तोही खालच्या वर्गात. पुढे मात्र प्राचीन काव्यग्रंथाचा अर्थ उलगडून सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही, आणि इ. स. पूर्व ३६ मध्ये तो साम्राज्याचा महामंत्री झाला.

लोकांनी छिद्राची कथा लक्षात ठेवली आणि आठ अपयशांची नोंद विसरली, हे स्वाभाविक आहे. कारण छिद्राचे चित्र मनोहर आहे. परंतु विद्यार्थ्याने विचार करावा, तो त्या आठ अपयशांचा. भिंतीला छिद्र एका रात्रीत पडते. आठ वेळा हार खाऊन नवव्या वेळी पुन्हा परीक्षेस बसण्याला किती रात्री लागल्या असतील!

कुआंग हेंगच्या कथेला चीनमध्ये सोबतीही आहेत. चौथ्या शतकात चे यिन नावाचा एक गरीब मुलगा होता. त्याच्याही घरी दिव्याला नेहमी तेल मिळत नसे. उन्हाळ्याच्या रात्री तो तलम रेशमाच्या पिशवीत पुष्कळसे काजवे भरी आणि त्यांच्या उजेडात वाची, असे सांगतात. सुन कांग नावाचा दुसरा मुलगा हिवाळ्याच्या रात्री बाहेर पडलेल्या बर्फाच्या शुभ्र परावर्तित प्रकाशात अभ्यास करी. चीनमध्ये शतकानुशतके मुलांकडून जी तीन-तीन अक्षरी चरणांची पोथी पाठ करून घेत, तिच्यात या दोघांचाही उल्लेख आहे. या कथा समुद्र ओलांडून जपानातही पोहोचल्या. १८८१ मध्ये एका स्कॉटिश गीताच्या चालीवर तेथे जे शालेय गीत रचले गेले, त्यात काजव्यांचा उजेड आणि खिडकीशी पडलेले बर्फ दोन्ही आहेत. शाळेचा निरोप घेताना जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ते गीत म्हटले आहे.

या कथा अक्षरशः खऱ्या मानाव्यात काय? चीनचा सम्राट कांगशी याला अशा गोष्टी स्वतः पडताळून पाहण्याची हौस होती. त्याने शंभर काजवे एका मोठ्या पिशवीत घालून पाहिले, तेव्हा त्या उजेडात अक्षर म्हणून ओळखता येईना! कथेवर हसणारे विनोदी लोकही चीनमध्ये होतेच. त्यांच्या एका जुन्या चुटक्यात सुन कांग एकदा चे यिनच्या भेटीला जातो. चे यिन घरी नसतो. कोठे गेला म्हणून विचारावे, तर दारावरचा माणूस सांगतो, की ते काजवे पकडावयास गेले आहेत. पुढे चे यिन परतभेटीसाठी सुन कांगकडे येतो. पाहतो, तो सुन कांग अंगणात रिकामा उभा! अभ्यास का करीत नाही, असे विचारताच तो आकाशाकडे पाहून म्हणतो, की आज काही बर्फ पडेलसे दिसत नाही.

हा विनोद वरवर हलका वाटतो, पण त्याच्या पोटात मोठे शहाणपण आहे. कष्टाचे सोंग म्हणजे कष्ट नव्हेत. दिवसाचा स्वच्छ उजेड वाया घालवून काजव्यांच्या मागे धावणारा विद्यार्थी हा विद्येचा भुकेला नसतो; तो कौतुकाचा भुकेला असतो. ज्याच्या घरी दिवा आहे, त्याने तो मालवून भिंत पोखरीत बसण्याचे कारण नाही. दारिद्र्य ही मिरविण्याची वस्तू नाही, तशी ती लाजेची बाबही नाही. कुआंग हेंगचा मोठेपणा त्याच्या अंधारात नव्हता. अंधार असतानाही त्याची नजर उजेडावर होती, यात तो होता.

परंतु या वचनाचा दुसराही एक दुरुपयोग होतो, आणि तो अधिक घातक आहे. एखादा गरीब मुलगा अभ्यासात मागे पडला, की वडीलधारी मंडळी चटकन म्हणतात, “कुआंग हेंगला जमले, मग याला का जमू नये?” या प्रश्नात उत्तेजन कमी आणि दोषारोप अधिक असतो. ज्या मुलाच्या शेजारी दिवा जळणारे घरच नव्हते, त्याने कोणती भिंत पोखरावी? ज्या गावात ग्रंथ बाळगणारा धनिक नव्हता, तेथील मुलाने कोणाकडे मजुरी करावी? कुआंग हेंगच्या काळी राजदरबारचे अधिकारपद पुरुषांनाच मिळत असे. तेव्हा त्याच गावातील एखाद्या मुलीने दहा भिंती पोखरल्या असत्या, तरी तिच्यासाठी महामंत्र्याचे आसन नव्हते. भिंतीला छिद्र पाडून पुढे गेलेला एक मुलगा इतिहासाला दिसतो. भिंतीअलीकडच्या अंधारातच राहून गेलेली हजारो मुले त्याला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कोणी वचन रचलेले नाही.

म्हणून या चार अक्षरांतील तिसऱ्या अक्षराकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. ते अक्षर आहे ‘चोरणे’. कुआंग हेंगने खरोखर काय चोरले? शेजाऱ्याच्या दिव्यातील तेल त्याच्यामुळे एक थेंबही अधिक जळले नाही. शेजाऱ्याच्या घरातील उजेड रतिभरही उणा झाला नाही. नुकसान झाले असेल, तर ते भिंतीचे. धान्याची किंवा धनाची चोरी झाली, म्हणजे एकाचे जाते तेव्हाच दुसऱ्याला मिळते. उजेडाचे आणि विद्येचे तसे नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला म्हणून पहिला मंदावत नाही. तेव्हा कुआंग हेंगने उजेड चोरला असे म्हणण्यापेक्षा त्याने तो उसना घेतला, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

शेजारच्या घरून वाटीभर पीठ उसने आणले, तर ते परत करावे लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग उसना उजेड कसा फेडावयाचा? शेजाऱ्याचे काहीच उणे झालेले नाही, तेव्हा त्याला परत काय द्यावयाचे? हे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे : पुढे ज्याच्या घरात अंधार असेल, त्याच्या घरापर्यंत तो उजेड पोहोचवावयाचा. शिकलेल्या माणसाची खरी परीक्षा येथे होते. आणि या परीक्षेस नवव्यांदा बसण्याची संधी बहुधा मिळत नाही.

कुआंग हेंग स्वतः या परीक्षेत उतरला काय? त्याने सम्राटाला पुष्कळ सदुपदेश केला. राजवाड्यातील उधळपट्टी कमी करावी, म्हणून निवेदनेही लिहिली. परंतु त्याच्या चरित्राचा शेवट उजळ नाही. महामंत्री झाल्यावर त्याला जी जहागीर मिळाली, तिच्या सीमेची आखणी नकाशावर चुकली होती आणि त्यामुळे चारशे छिंग, म्हणजे हजारो एकर जमीन त्याच्याकडे अधिक आली होती. ही चूक उघडकीस येऊन दुरुस्त झाल्यानंतरही त्याच्या हाताखालच्या लोकांनी ती जमीन पुन्हा त्याच्याच नावे करवून घेतली आणि तिचे धान्य त्याच्या घरी आले. अखेर त्याच्यावर आरोप झाला, त्याचे पद आणि जहागीर दोन्ही गेली व तो सामान्य नागरिक होऊन घरी परतला. एकेकाळी ज्याने मजुरी नाकारून ग्रंथ मागितले होते, त्याला उतारवयात दुसऱ्याच्या जमिनीचे धान्य सोडवले नाही!

कष्टाने माणूस आपोआप चांगला होतो, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये. गरिबी काही जणांना उदार बनवते आणि काही जणांना अधाशी. ती स्वतः गुरू नव्हे. तिच्यातून कोणता धडा घ्यावयाचा, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

कुआंग हेंगनंतर हजारएक वर्षांनी, सुंग घराण्याच्या काळात, फान जोंग-यान नावाचा दुसरा एक गरीब विद्यार्थी चीनमध्ये होऊन गेला. त्याचा जन्म ९८९ सालचा. तो अगदी तान्हा असतानाच त्याचे वडील वारले. मोठेपणी तो एका डोंगरातील मठात राहून अभ्यास करू लागला. रोज रात्री तो भांडेभर पेज शिजवून ठेवी. सकाळी ती थिजून घट्ट झाली, म्हणजे तिचे चार भाग करी. दोन भाग सकाळी, दोन भाग संध्याकाळी. तोंडी लावावयास खारवलेल्या भाजीचे थोडेसे तुकडे. पुढे विद्यापीठात असताना एका श्रीमंत सोबत्याने त्याच्यासाठी सुग्रास अन्न पाठविले, तर त्याने त्याला हात लावला नाही. या अन्नाची एकदा चटक लागली, म्हणजे उद्या पेज गोड कशी लागेल, असे त्याचे म्हणणे होते. १०१५ मध्ये तो राजदरबारची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि मोठमोठ्या पदांवर चढत गेला.

येथपर्यंत दोघांची कथा सारखीच आहे. पुढे मात्र वाटा फुटतात. सूचौ नगरीत फान जोंग-यानपाशी एक जागा होती. या जागेवर घर बांधले, तर घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या थोर पुरुष निपजतील, असे एका भूमिपरीक्षकाने त्याला सांगितले म्हणतात. त्यावर फान जोंग-यानने विचार केला, की जागा इतकी शुभ असेल, तर तिचा लाभ एकट्या घराण्याने का घ्यावा? सगळ्या नगरीच्या मुलांना तो मिळू द्यावा. १०३५ मध्ये त्या जागेवर शाळा उभी राहिली. आयुष्याच्या अखेरीस त्याने सुमारे हजार मू जमीन विकत घेतली आणि तिच्या उत्पन्नातून आपल्या विस्तृत कुळातील लोकांना अन्नवस्त्र व अडीअडचणीला मदत मिळावी, अशी व्यवस्था करून ठेवली. ती व्यवस्था त्याच्या मागे शेकडो वर्षे चालू राहिली. एका गरीब विद्यार्थ्याने जमीन घेतली, दुसऱ्याने ती दिली. दोघांनीही उजेड उसनाच घेतला होता. त्यांपैकी एकानेच तो फेडला.

व्यक्तीने ऋण फेडावे, हे जितके खरे, तितकेच समाजाने भिंत हटवावी, हेही खरे. आजचा चीनही हे जाणतो. १९८६ मध्ये तेथे नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. प्रथम खेड्यांतून आणि २००८ पर्यंत शहरांतूनही या नऊ वर्षांची फी माफ झाली. तरीही भिंती शिल्लक राहिल्याच. युन्नान प्रांतातील ह्वापिंग या डोंगराळ भागात जांग ग्वेइमेइ नावाच्या शिक्षिका काम करीत होत्या. वर्गातील मुली मधूनच दिसेनाशा होतात, कोणी कामाला जुंपली जाते, कोणाचे लग्न लावून दिले जाते, हे त्यांनी पाहिले. तेव्हा अशा मुलींसाठी विनामूल्य माध्यमिक शाळा काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी रस्त्यावर उभे राहून वर्गणी मागण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. २००८ मध्ये ती शाळा सुरू झाली आणि तेथील शेकडो मुली पुढे विद्यापीठात गेल्या. कुआंग हेंगने भिंतीला छिद्र पाडले ते आपल्यासाठी; या शिक्षिकेने भिंतीत दार बसविले ते दुसऱ्यांसाठी. छिद्रातून एकाला पुरेल एवढाच उजेड येतो. दारातून सगळा वर्ग आत जातो.

कोणी म्हणेल, की दार उघडे असले, तर मुले आळशी होतील. अडचणीवाचून विद्येची किंमत कळत नाही. हे म्हणणे खरे नाही. उघड्या दारातूनही आत चालत जावे लागते आणि दिव्याखाली बसूनही पान स्वतःच उलटावे लागते. नवव्या वेळी परीक्षेस बसण्याचे धैर्य विद्यार्थ्यापाशीच हवे. ते कोणी उसने देऊ शकत नाही. परंतु ज्या धैर्याचा उपयोग गणित सोडविण्यासाठी, काव्य समजून घेण्यासाठी किंवा आकाशातील तारे ओळखण्यासाठी व्हावयाचा, ते सारे भिंत पोखरण्यातच खर्ची पडावे, यात देशाचे कोणते हित आहे?

‘भिंत पोखरून उजेड चोरणे’ हे वचन म्हणूनच दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. भिंतीच्या अंधाऱ्या बाजूस जो बसला आहे, त्याला ते सांगते, की खचू नकोस. उजेड आहे आणि तो तुझ्यापर्यंत येऊ शकतो. आणि भिंतीच्या उजेडाच्या बाजूस जो बसला आहे, त्यालाही ते काही सांगते. पलीकडून कोणी हलक्या हाताने भिंत खरवडीत असल्याचा आवाज ऐकू आला, तर चोर समजून ओरडू नये. दिवा उचलावा आणि दार उघडावे.